टाका कोठे घालायचा? मनगटाच्या एका स्नायूचे प्रकरण

दंडाचे हाड मध्यावर मोडले, तर त्या हाडाला मागून वळसा घालून खाली उतरणाऱ्या रेडियल मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता असते. हा मज्जातंतू निकामी झाला की मनगट वर उचलता येत नाही, बोटे मुळाशी उघडत नाहीत आणि अंगठा बाहेर घेता येत नाही. हात मनगटापासून खाली लोंबतो. बोटांची पुढची पेरी मात्र सरळ करता येतात, कारण ते काम तळहातातील लहान स्नायूंचे असते आणि त्यांना वेगळे मज्जातंतू चालवतात. पाहणाऱ्याला वाटते की या माणसाची मूठ तरी शाबूत असेल, कारण बोटे मिटवणारे स्नायू ठणठणीत असतात. प्रत्यक्षात तसे नसते. वाचकाने आपले मनगट पूर्ण खाली वाकवावे आणि त्या स्थितीत मूठ आवळून पाहावी. पकड लगेच दुबळी झाल्याचे जाणवेल. स्नायू तोच, त्याचा मज्जातंतू तोच, मेंदूचा आदेशही तोच. बदलली ती फक्त स्नायूची लांबी. या संपूर्ण प्रकरणाचा गाभा या साध्या अनुभवात आहे.

अशा इजांपैकी बऱ्याच इजा वेळ दिल्यास आपोआप भरून येतात. मज्जातंतूचे तुटलेले टोक दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढते, त्यामुळे कित्येक महिने वाट पाहावी लागते. वाट पाहूनही हालचाल परत आली नाही, तर शल्यचिकित्सक टेंडन ट्रान्सफर म्हणजे कंडरेचे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे) स्थलांतर करतात. ज्या स्नायूंचा मज्जातंतू शाबूत आहे आणि ज्यांच्यावाचून हाताचे फारसे अडणार नाही, त्यांची कंडरा तिच्या मूळ जागेवरून सोडवून निकामी झालेल्या स्नायूच्या कंडरेला शिवली जाते. रेडियल मज्जातंतूच्या लकव्यात सहसा तीन जोडण्या करतात. हाताचा पंजा पालथा करणारा प्रोनेटर टेरीस मनगट उचलण्यासाठी वापरला जातो, तळहाताकडील बारीक पामारिस लाँगस अंगठ्यासाठी वापरला जातो, आणि करंगळीच्या बाजूने मनगट वाकवणारा फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस चारही बोटे उघडणाऱ्या एक्स्टेन्सर डिजिटोरमच्या कंडरांना जोडला जातो. हा लेख या शेवटच्या जोडणीविषयी आहे. पुढे सोयीसाठी पहिल्या स्नायूला अल्नारिस आणि दुसऱ्याला डिजिटोरम म्हटले आहे.

अल्नारिस शोधणे सोपे आहे. तळहात वर करून मनगट किंचित वाकवले आणि करंगळीच्या रेषेत मनगटाच्या घडीवर बोट ठेवले, तर एक ताठ दोरी आणि तिच्या टोकाशी वाटाण्याएवढे हाड हाताला लागते. ती दोरी म्हणजे अल्नारिसची कंडरा. शस्त्रक्रियेत ती त्या हाडापासून सोडवतात, स्नायूचा बराचसा भाग कोपराच्या दिशेने मोकळा करतात, त्याला हाताच्या मागच्या बाजूला वळवून आणतात आणि डिजिटोरमच्या कंडरांमध्ये ओवतात. येथवरचे सारे काम कौशल्याचे असले तरी त्याचे नियम ठरलेले आहेत. खरा प्रश्न शेवटचा टाका घालताना उभा राहतो: कंडरा किती ओढून शिवायची? सैल शिवली तर स्नायूने कितीही आकुंचन केले तरी बोटे उघडणार नाहीत. ताणून शिवली तर बोटे उघडी राहतील, पण मूठ मिटणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे स्नायूचे बळच हरवेल.

हाताला जाणवणारा ताण

अनेक दशके या प्रश्नाचे उत्तर शल्यचिकित्सकाच्या बोटांतील अंदाजाने दिले जात होते. कंडरा चिमट्यात धरून ओढायची, ती पुरेशी ताठ लागली की शिवायची, आणि काळाबरोबर जोडणी थोडी सैल पडतेच या अनुभवामुळे जरा जास्तच ताठ शिवायची. या पद्धतीने असंख्य हात सुधारले, म्हणून तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. मात्र तिच्यात एक अडचण दडलेली होती, आणि ती कोणाच्या हलगर्जीपणाची नव्हती. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असल्याने त्या वेळी स्नायू आकुंचन पावत नसतो. ओढताना बोटांना जो प्रतिकार जाणवतो तो निष्क्रिय ताणाचा असतो, रबर ओढल्यासारखा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ज्या बळाची गरज असते ते सक्रिय आकुंचनाचे असते. एकाच्या मोजमापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

हातातील स्नायूंची मोजदाद करून शस्त्रक्रिया आखावी, हा विचार ज्यांनी आग्रहाने मांडला त्यांच्यात डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्या विचाराची मुळे भारतात आहेत. १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगररांगांत जन्मलेले ब्रँड १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगामुळे वाकड्या झालेल्या बोटांसाठी त्यांनी तेथे कंडरा-स्थलांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांसाठी पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे जे काम उभे केले, तेही याच परंपरेतले. पुढे ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथे गेले आणि १९८१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह अग्रबाहू आणि पंजाच्या स्नायूंची सापेक्ष ताकद आणि संभाव्य हालचाल यांची तपशीलवार तुलना प्रसिद्ध केली. स्नायूचे वस्तुमान आणि त्याच्या तंतूंची लांबी या दोन गोष्टी माहीत असतील तर तो किती जोराने आणि किती अंतर ओढू शकेल हे सांगता येते, हा त्या कामाचा आधार होता. शल्यचिकित्सकाने तराजू आणि मोजपट्टी हातात घ्यावी, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

स्नायूची बांधणी म्हणजे नेमके काय

स्नायूची बाहेरून दिसणारी लांबी आणि त्याच्या आतील तंतूंची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. अल्नारिस अग्रबाहूच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेला दिसतो. त्याचे मांसल पोट २० सेंटिमीटरहून अधिक लांब असते. पण त्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाहीत. ते तिरपे निघून कंडरेला मिळतात आणि प्रत्येक तंतू जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटरचा असतो. पिसाचे केस जसे मधल्या दांडीला तिरपे जोडलेले असतात, तशी ही रचना आहे. असे आखूड तंतू पुष्कळ संख्येने शेजारी शेजारी बसवल्यामुळे स्नायूचे कार्यकारी छेदक्षेत्र मोठे होते, आणि कमाल बळ त्या छेदक्षेत्राच्या प्रमाणात असते. हे क्षेत्र काढण्याची रीत अशी, की स्नायूच्या वस्तुमानाला त्याच्या घनतेने, म्हणजे दर घनसेंटिमीटरला १.०५६ ग्रॅमने, आणि तंतूच्या लांबीने भागायचे आणि तिरपेपणासाठी किंचित दुरुस्ती करायची. तिरपेपणाची दुरुस्ती अग्रबाहूच्या स्नायूंत फार लहान असते; १२ अंशांच्या कोनाने उत्तरात अवघा २ टक्क्यांचा फरक पडतो. अल्नारिसचे हे क्षेत्र ३ चौरस सेंटिमीटरहून थोडे अधिक भरते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २२.५ न्यूटन हा प्रचलित आकडा धरला, तर हा स्नायू ७ किलोग्रॅमचे वजन पेलण्याइतका जोर लावू शकतो. बोटे उघडणाऱ्या डिजिटोरमची प्रत्येक बोटासाठीची पोटे त्यामानाने फारच सडपातळ असतात, पण त्यांचे तंतू थोडे लांब, साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचे असतात. म्हणजे ही जोडणी करताना ताकदीसाठी घडलेल्या स्नायूला लांब पल्ल्याच्या कामावर नेमले जाते.

आणखी आत शिरले की सार्कोमिअर लागतो. स्नायुतंतू हा सार्कोमिअर या सूक्ष्म एककांची एकामागून एक गुंफलेली माळ असतो. प्रत्येक सार्कोमिअरमध्ये मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकतात. हे सरकणे म्हणजेच आकुंचन, हे १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के यांनी आणि स्वतंत्रपणे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी दाखवले. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका तंतूवर प्रयोग करून लांबी आणि बळ यांचा आलेख पक्का केला. धाग्यांची एकमेकांवरील व्याप्ती सर्वांत सोयीची असते तेथे बळ कमाल असते. सार्कोमिअर त्याहून लांब ताणला की व्याप्ती घटत जाते आणि बळ सरळ रेषेत उतरत शून्यावर येते. बेडकात हे शून्य ३.६५ मायक्रोमीटरवर येते (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचे बारीक धागे बेडकाहून लांब असल्यामुळे आपला आलेख उजवीकडे सरकतो.

मोजणारा किरण

या टप्प्यावर दोन माणसांची भेट निर्णायक ठरली. अमेरिकेत सॅन डिएगो येथे काम करणारे रिचर्ड लीबर जैवभौतिकीकडून स्नायूकडे आले होते. स्वीडनचे यान फ्रिडेन यांनी कठोर व्यायामानंतर दुखणाऱ्या स्नायूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करून सुरुवात केली होती आणि पुढे ते हाताचे शल्यचिकित्सक झाले. पहिल्याकडे मोजण्याचे तंत्र होते, दुसऱ्याकडे उघडा स्नायू आणि रोजचा प्रश्न होता.

तंत्र पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले आहे. सार्कोमिअरच्या ओळींमुळे स्नायूवर अत्यंत समान अंतराचे आडवे पट्टे असतात, आणि समान अंतराच्या रेघांमधून प्रकाश गेला की त्याचे विवर्तन होते, म्हणजे तो ठरावीक कोनांत फाकून उजळ रेघा उमटवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रांव्हिए यांनी १९व्या शतकातच स्नायूच्या पातळ तुकड्यातून प्रकाशाचा वर्णपट मिळवला होता. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ०.६३२८ मायक्रोमीटर असते. सार्कोमिअर २.७ मायक्रोमीटरचा असेल तर पहिली उजळ रेघ मधल्या बिंदूपासून सुमारे १३.६ अंशांवर पडते, तोच ३.५ मायक्रोमीटरपर्यंत ताणला की ती १०.४ अंशांवर सरकते. पडदा १० सेंटिमीटरवर धरला, तर हा फरक २.४ सेंटिमीटर आणि १.८ सेंटिमीटर एवढा, म्हणजे साध्या मोजपट्टीने मोजण्याइतका मोठा दिसतो. सार्कोमिअर लांबतो तशा लाल रेघा मध्याकडे येतात. शस्त्रक्रियेत तंतूंचा एक बारीक जुडगा अलगद वेगळा करून त्याखाली छोटा लोलक सरकवायचा, लोलकातून लेझरचा किरण वर वळवायचा आणि स्नायूतून बाहेर पडलेल्या रेघांमधील अंतर टिपायचे. हजार सार्कोमिअर ओळीत ठेवले तर जेमतेम ३ मिलिमीटर भरतात. त्यातल्या एकाची लांबी जिवंत माणसाच्या हातात, टेबलावर, काही क्षणांत कळते.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांचा मनगट उचलणारा एक स्नायू, एक्स्टेन्सर कार्पाय रेडियॅलिस ब्रेव्हिस, अशा रीतीने मोजला गेला. मनगट पूर्ण वर असताना सार्कोमिअर २.६ मायक्रोमीटरचे होते आणि मनगट पूर्ण खाली वाकवल्यावर ३.४ मायक्रोमीटरचे झाले. त्याच स्नायूंचे सूक्ष्म नमुने घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांची लांबीही मोजली गेली: ॲक्टिन १.३० आणि मायोसिन १.६६ मायक्रोमीटर. यावरून माणसाच्या या स्नायूत कमाल बळ साधारण २.६ ते २.८ मायक्रोमीटरदरम्यान मिळते आणि ४.२६ मायक्रोमीटरवर ते शून्य होते, असे गणित निघाले. स्नायू रोजच्या हालचालीत आलेखाच्या माथ्यावर आणि उतरत्या बाजूवर वावरतो, हे जिवंत माणसात मोजून दिसले. मला या कामातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते की त्यांनी बेडकाचा आलेख उसना घेतला नाही. ज्या हातात सार्कोमिअर मोजला त्याच हातातल्या धाग्यांची लांबी मोजून आलेख नव्याने काढला.

अल्नारिसच्या बाबतीत काय आढळले

१९९६ मध्ये याच तंत्राने अल्नारिस ते डिजिटोरम ही जोडणी तपासली गेली. रुग्णाच्या अल्नारिसचे सार्कोमिअर आधी त्याच्या मूळ जागेवर मोजले गेले आणि मग नव्या जागी शिवल्यावर. नव्या जागी ते अधिक लांब झाले होते आणि हालचालीबरोबर त्यांच्या लांबीत होणारा बदलही वाढला होता. प्रचलित पद्धतीने, काळजीपूर्वक, अनुभवी हातांनी शिवलेली ही जोडणी होती. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, फ्रिडेन आणि लीबर यांनी कंडरा-स्थलांतराच्या अनेक शस्त्रक्रियांवरून दाखवले की बोटांना जाणवणाऱ्या ताणावर विसंबून शिवलेले स्नायू सर्वसाधारणपणे फार लांब अवस्थेत जोडले जातात.

‘फार लांब’ याचा अर्थ कळण्यासाठी थोडे अंकगणित करून पाहू. अल्नारिसचा तंतू ४५ मिलिमीटरचा आणि त्यातील सार्कोमिअर २.७ मायक्रोमीटरचा धरला, तर एका तंतूत ओळीने सुमारे १६,७०० सार्कोमिअर बसतात. आता शिवताना कंडरा १ सेंटिमीटर जास्त ओढली गेली आणि कंडरेचे स्वतःचे ताणणे सोडून दिले, तर ते १ सेंटिमीटर या १६,७०० जणांत वाटले जाईल आणि प्रत्येकाच्या वाट्याला ०.६ मायक्रोमीटर येतील. सार्कोमिअर ३.३ मायक्रोमीटरचा होईल आणि वरील आलेखानुसार बळ कमाल बळाच्या ६६ टक्क्यांवर येईल. २ सेंटिमीटर जास्त ओढली तर सार्कोमिअर ३.९ वर आणि बळ चौथ्या हिश्श्यावर. याउलट अग्रबाहूच्या अंगठ्याकडील बाजूला असलेल्या ब्रेकिओरेडियॅलिस या स्नायूचे तंतू सुमारे १२ सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे त्यांत ओळीने ४४,००० हून अधिक सार्कोमिअर असतात. तेच २ सेंटिमीटर त्याच्यात वाटले गेले तर प्रत्येकाला ०.४५ मायक्रोमीटर मिळतात आणि तीन चतुर्थांश बळ शिल्लक राहते. शल्यचिकित्सकाच्या हातून झालेली चूक दोन्हीकडे सारखीच आहे, २ सेंटिमीटरची. एका स्नायूने ती पोटात घातली, दुसऱ्याला ती झेपली नाही. ओळीतील सार्कोमिअरची संख्या हा फरक घडवते, आणि ती संख्या बाहेरून पाहून किंवा ओढून कळत नाही.

दुसरे गणित पल्ल्याचे. हाताच्या शस्त्रक्रियेत जोसेफ बॉयझ यांच्या नावाशी जोडलेला एक जुना आडाखा आहे: मनगटाच्या स्नायूंची कंडरा सुमारे ३३ मिलिमीटर सरकते, बोटे उघडणाऱ्यांची ५० आणि बोटे मिटवणाऱ्यांची ७० मिलिमीटर. अल्नारिसला बोटे उघडण्याचे पूर्ण ५० मिलिमीटरचे काम एकट्याने करायला सांगितले, तर त्याच्या प्रत्येक सार्कोमिअरची लांबी सुमारे ३ मायक्रोमीटरने बदलावी लागेल. बळ निर्माण होते तो सार्कोमिअरचा संपूर्ण पल्ला जवळजवळ एवढाच असतो. म्हणजे दोन्ही टोकांना बळ शून्यापाशी पोचेल. मग ही शस्त्रक्रिया चालते तरी कशी? मनगट मदत करते म्हणून. मनगट खाली सोडले की मागच्या कंडरा आपोआप ताणल्या जाऊन बोटे उघडतात, आणि ही फुकटची हालचाल स्नायूच्या वाट्याचे अंतर कमी करते. म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात फिजिओथेरपिस्ट रुग्णाला मनगट आणि बोटे यांचा मेळ शिकवतात, आणि म्हणूनच मनगटाचा सांधा कायमचा जखडण्याचा निर्णय अशा हातात फार विचारपूर्वक घ्यावा लागतो.

काही शल्यचिकित्सक अल्नारिसऐवजी अंगठ्याच्या बाजूने मनगट वाकवणारा फ्लेक्सर कार्पाय रेडियॅलिस निवडतात. त्याचे तंतू अल्नारिसहून काहीसे लांब असतात, आणि शिवाय अल्नारिस जागेवर राहतो. कुऱ्हाड किंवा हातोडा चालवताना मनगट करंगळीकडे आणि खाली आपटते ते अल्नारिसच्या जोरावर. हाताने कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचा हा स्नायू काढून घेण्यापूर्वी त्याला त्याचे काम विचारले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

बोटे का फसली?

ताण जाणवतो तो कोठून येतो, या प्रश्नाने पुढची वाट दाखवली. स्नायूला ताणले की प्रतिकार करणारे दोन मुख्य घटक आहेत. एक टायटिन, सार्कोमिअरच्या आतील प्रचंड मोठे, स्प्रिंगसारखे प्रथिन. दुसरा, तंतूंना आणि त्यांच्या जुडग्यांना वेढणारे कोलॅजनचे जाळे. ग्रेचेन मेयर आणि लीबर यांनी २०११ मध्ये उंदराच्या स्नायूवर एकेकटे तंतू, तंतूंचे समूह आणि जाळ्यासह जुडगे वेगवेगळे ताणून पाहिले. जाळ्यासकट जुडगा एकट्या तंतूंच्या मानाने खूपच ताठ निघाला, आणि ताण वाढत जातो तसा त्याचा ताठपणा अधिकच वाढत गेला. हा प्रयोग उंदरावरचा असला तरी त्याने एक दिशा स्पष्ट केली: शल्यचिकित्सकाच्या चिमट्याला जो ताठपणा लागतो, त्यात बळ निर्माण करणाऱ्या धाग्यांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या वेष्टनाचा आवाज मोठा असण्याची शक्यता आहे. एका स्नायूत वेष्टन नाजूक असते, दुसऱ्यात जाड. लकव्यानंतर, वयानुसार, आजारानुसार ते बदलते. स्नायू मऊ लागत असताना सार्कोमिअर उताराच्या तळाशी पोचलेले असू शकतात. ताठ लागेपर्यंत ओढण्याचा नियम पाळला, की अशाच स्नायूवर सर्वांत जास्त अन्याय होतो.

मेंदूच्या लकव्यामुळे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे, आखडलेल्या स्नायूंबाबत हाच धागा पुढे गेला. सॅन डिएगो येथील लहान मुलांच्या अस्थिशल्यचिकित्सकांबरोबर केलेल्या आणि २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या कामात या मुलांच्या मांडीमागील आखडलेल्या स्नायूंचे सार्कोमिअर अपेक्षेच्या उलट, नेहमीहून लांब आढळले, आणि त्यांच्या भोवतीचे जाळे अधिक ताठ आढळले. आखूड स्नायू आणि आत ताणलेले सार्कोमिअर, हे चित्र प्रथम वाचताना अशक्य वाटते. ओळीतील सार्कोमिअरची संख्याच कमी असेल, तर ते अगदी शक्य आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

स्नायू स्वतःला सावरून घेत नाही का?

या निष्कर्षांवर अनुभवी शल्यचिकित्सकांचा एक आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. स्नायू जिवंत आहे. लांब शिवला तर तो नवे सार्कोमिअर घालून स्वतःला जुळवून घेईल, मग टेबलावरच्या दशांश मायक्रोमीटरची चिंता कशाला? १९७२ मध्ये ताबारी, तार्दिय, गोल्डस्पिंक आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पोटरीतील सोलियस स्नायूवर नेमके हे तपासले होते. पाय प्लास्टरमध्ये स्नायू आखूड राहील असा ठेवला तेव्हा ओळीतील सार्कोमिअर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. लांब राहील असा ठेवला तेव्हा ते सुमारे २० टक्क्यांनी वाढले. आणि प्लास्टर काढल्यावर ४ आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. स्नायूची ही लवचिकता थक्क करणारी आहे आणि आक्षेपाला त्यातून बळ मिळते.

पण शिवलेला स्नायू एकटा नसतो, त्याला कंडरा असते. २०१० मध्ये सॅन डिएगोच्या गटाने सशाच्या पायातील एक स्नायू सार्कोमिअर ३.७ मायक्रोमीटरपर्यंत ताणले जातील अशा रीतीने नव्या जागी शिवला आणि पुढचे काही आठवडे दोन्ही ऊतींवर लक्ष ठेवले. पहिल्या आठवड्यात स्नायूने सार्कोमिअर वाढवले. त्यानंतर कंडरा हळूहळू लांबत गेली, स्नायूवरचा ताण सुटला, आणि वाढलेले सार्कोमिअर पुन्हा कमी झाले. दोघांनी बदल केला, पण वेगवेगळ्या वेळी, आणि शेवटी जुळवून घेण्याचे बरेचसे श्रेय कंडरेकडे गेले. यातून मला असे वाटते की ‘स्नायू सावरून घेईल’ हे म्हणणे पूर्ण चूक नाही, मात्र त्यावर योजना आखणे धोक्याचे आहे. कोण किती सावरेल, हे शिवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

लेझरचे उपकरण जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोचले नाही, आणि पोचण्याची गरजही नाही. त्याने काढलेले आकडे मात्र पोचले. आखूड तंतूंच्या स्नायूला कमी चूक परवडते, हे लक्षात ठेवून दाता स्नायू निवडता येतो. मांडीचा ग्रॅसिलिस हा स्नायू रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूसह हातात बसवताना तो काढण्याआधीच त्याच्यावर दर ५ सेंटिमीटरवर खुणेचे टाके घालतात आणि नव्या जागी त्या टाक्यांमधील अंतर पुन्हा ५ सेंटिमीटर होईल इतकेच ओढतात. ही टोरोंटोचे राल्फ मँक्टेलो यांची रीत सार्कोमिअर न पाहताही त्याची लांबी जपते. स्टॅनफर्ड येथील अभियंते आणि जीवशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सुईइतक्या बारीक भिंगातून जिवंत माणसाचे सार्कोमिअर थेट पाहण्याची पद्धत दाखवली, त्यामुळे आता त्यासाठी त्वचा उघडण्याचीही आवश्यकता उरलेली नाही.

आणि कॅनडाचे डॉ. डोनाल्ड लॅलोंड यांनी रुजवलेल्या पद्धतीत, जी आता भारतातही वापरली जाते, रुग्णाला पूर्ण भूल देतच नाहीत. फक्त हाताच्या त्या भागात लिडोकेन आणि ॲड्रिनलिनचे इंजेक्शन देतात. दुखणे थांबते, रक्तस्राव आटोक्यात राहतो, दंडाला पट्टा आवळावा लागत नाही आणि स्नायू जागा राहतो. अल्नारिसची कंडरा डिजिटोरममधून ओवून एक तात्पुरता टाका घातला जातो. मग शल्यचिकित्सक रुग्णाला सांगतात, मनगट वाकवायचा प्रयत्न करा. कारण या स्नायूला अजून तेवढेच काम ठाऊक आहे. टेबलावर बोटे उघडतात. मग सांगतात, आता मूठ मिटा. करंगळी आणि अनामिका तळहातापर्यंत पोचत नसतील, तर तो टाका कापून, कंडरा काही मिलिमीटर सैल सोडून, दुसरा घालतात.